नेम, नजर आणि जिम कॉर्बेट

रायफलवर बसवायच्या दुर्बिणीसाठी किती पैसे मोजावेत, हा प्रश्न आपल्याकडील वाचकाला काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांनी भारतातील हौशी शिकारीचा अध्याय मिटवला, ते योग्यच झाले. मात्र युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेतील काही देशांत परवाना घेऊन शिकार करणाऱ्यांची संख्या आजही मोठी आहे आणि त्यांच्यात हा वाद कायम रंगतो. ऑस्ट्रिया किंवा जर्मनीत घडवलेल्या नामांकित दुर्बिणीसाठी दोन-तीन हजार डॉलर सहज पडतात. अनेकदा ज्या रायफलवर ती चढते, त्या रायफलहून ती महाग असते. दुसरीकडे तीनशे-चारशे डॉलरमध्ये बरी दुर्बीण मिळते आणि तिनेही हरिण पडते. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

या प्रश्नाला उत्तर देताना एका माणसाचे आयुष्य साक्षीला काढावेसे वाटते. एडवर्ड जेम्स कॉर्बेट, म्हणजेच कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ मुलखात ज्यांना कार्पेट साहेब म्हणून ओळखत ते जिम कॉर्बेट. १९०७ ते १९३८ या काळात त्यांनी अनेक नरभक्षक वाघ आणि बिबळे मारले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या त्या हकीकतींत दुर्बिणीतून साधलेला नेम आढळत नाही. नळीच्या टोकावरची माशी, मागची खाच आणि दोन डोळे एवढ्यावर त्यांचे काम चाले. मात्र त्यांना दुर्बिणीविरुद्धचा साक्षीदार म्हणून उभे करणारे त्यांच्याच आयुष्यातील एक प्रकरण सोयीस्करपणे विसरतात. ते पुढे येईल.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट तेथील पोस्टमास्तर होते. घरात मुलांचा मोठा गोतावळा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा कुटुंबाचा परिपाठ होता. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच, १८८१ मध्ये, वडील वारले. संसाराचा भार आई मेरी जेन यांच्यावर पडला. पैशाची चणचण होती आणि ती घरातील हत्यारांतही दिसे. जिमच्या हाती आलेली पहिली बंदूक ठासणीची, दुनळी. तिची उजवी नळी फुटलेली, दस्ता मोडलेला आणि पितळी तारेने आवळून बांधलेला. चालायची ती फक्त डावी नळी. दारू आणि छऱ्यांचा तुटवडा असल्याने प्रत्येक बार मोलाचा होता. ज्याला एकच बार मिळणार, तो जनावराच्या जवळ गेल्यावाचून चाप ओढत नाही. आयुष्यभर टिकलेली ही सवय त्या मोडक्या बंदुकीने लावली.

जवळ जाण्याची विद्या त्यांना थोरला भाऊ टॉम आणि कुंवरसिंग नावाचा गावाचा मुखिया यांच्याकडून मिळाली. कुंवरसिंग चोरून शिकार करणाऱ्यांपैकी, पण रानाचा खरा जाणकार होता. वाऱ्याची दिशा, वाळूतील पाऊल किती वेळापूर्वीचे आहे, वानराची आणि भेकराची भयसूचक ओरड यांवरून न दिसणारा वाघ कुठे आहे हे ठरवायला कॉर्बेट बालपणीच शिकले. त्यांनी उतारवयात लिहिलेल्या ‘जंगल लोअर’ या १९५३च्या पुस्तकात हा सारा अभ्यासक्रम सविस्तर आला आहे. शिकारकथा म्हणून त्यांची इतर पुस्तके अधिक खपली, परंतु कॉर्बेट घडले कसे हे समजून घ्यायचे तर हेच पुस्तक उघडावे लागते.

याच पुस्तकातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. दहा वर्षांचे असताना जिम नैनितालच्या स्वयंसेवक रायफल दलातील कॅडेट होते. एका बड्या पाहुण्यासमोर नेमबाजीचे प्रात्यक्षिक होते आणि लक्ष्य दोनशे यार्डांवर ठेवलेले होते. रायफल जमिनीवर ठेवताना मागच्या निशाणीची सरकती पट्टी दोनशेवरून तीनशेच्या खुणेवर गेली आणि ते कुणाच्याच ध्यानात आले नाही. पोराच्या गोळ्या चुकू लागल्या. तेव्हा तो पाहुणा शेजारी येऊन टेकला, पट्टी पूर्ववत केली आणि घाई करू नको असे त्याने शांतपणे सांगितले. ते गृहस्थ पुढे फील्ड मार्शल अर्ल रॉबर्ट्स म्हणून विख्यात झाले. घाईने गोळी झाडण्याचा किंवा घाईने निर्णय घेण्याचा मोह होई तेव्हा तो आवाज आपल्याला आवरत असे, अशी कबुली कॉर्बेट यांनी दिली आहे. निशाणी कितीही भारी असो, ती चुकीच्या खुणेवर असेल तर मोलाची नाही, हे त्यांना दहाव्या वर्षीच कळले. आजच्या हजारो डॉलरच्या दुर्बिणीचेही तेच. प्रवासात धक्का बसून तिचा मेळ बिघडला आणि रानात शिरण्यापूर्वी चार गोळ्या झाडून तो तपासला नाही, तर ती काच आणि ते पैसे दोन्ही व्यर्थ.

त्याच दलाच्या सार्जंट-मेजरने पुढे त्यांना ०.४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. काडतुसे हवी तेवढी न्यावीत, फक्त रायफल स्वच्छ ठेवावी आणि रिकाम्या पुंगळ्या परत आणाव्यात, एवढीच अट होती. या एकनळी रायफलने कॉर्बेट यांनी आपला पहिला बिबळ्या मारला.

कॉर्बेट हे काही पेशाने शिकारी नव्हते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पोटासाठी त्यांनी रेल्वेची नोकरी धरली. प्रथम लाकूडफाट्याचा निरीक्षक आणि नंतर बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेकाठी रुंद मार्गावरील गाड्यांतून अरुंद मार्गावरील गाड्यांत माल चढवण्याचा ठेका, असे वीसहून अधिक वर्षांचे आयुष्य त्यांनी हमालांच्या सोबत काढले. १९१७ मध्ये कुमाऊँतील पाचशे माणसांची श्रमिक तुकडी उभारून ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि एक अपवाद वगळता साऱ्यांना परत घेऊन आले. नरभक्षकांची मोहीम ते रजा काढून, पदरमोड करून करत. सरकारने जाहीर केलेले इनाम आधी मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे, या दोन अटी मान्य झाल्यावाचून ते निघत नसत. इनामासाठी वाघ मारणारा अशी आपली गणना होऊ नये आणि चुकून दुसऱ्याच्या गोळीने आपण मरू नये, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती.

१९०७ साली ते चंपावतला निघाले तेव्हा त्यांचे वय बत्तिशीच्या आसपास होते. नेपाळातून हुसकलेल्या त्या वाघिणीच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी जमा होते. तहसीलदारांनी जवळजवळ तीनशे माणसे हाकाऱ्याला गोळा केली. कॉर्बेट यांच्याकडे ०.५०० दुनळी रायफल होती आणि खिशात मोजून तीन काडतुसे. दोन झाडायची संधी मिळेल आणि एक अडीनडीला, असा हिशेब होता. हिशेब चुकला. तिन्ही काडतुसे संपली, तीनपैकी दोन गोळ्या लागल्या, तरी वाघीण उभीच होती. कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांची बंदूक हिसकावून आले. जवळ पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की बंदुकीची नळी आणि तिचा मागचा भाग यांच्यात चांगली मोठी फट आहे. बार मागे उसळला तर डोळे जाण्याची भीती होती. वीस फुटांवरून त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली तिच्या पंजाला. ती कोसळली ती आधीच्या जखमांनी.

भारतातील एका विख्यात शिकारीचा शेवट असा एका टाकाऊ बंदुकीच्या चुकलेल्या नेमाने झाला, हे मोठे गमतीचे आहे. पण वाघिणीचे तोंड उघडून पाहिल्यावर जे दिसले ते गमतीचे नव्हते. उजवीकडचे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. पूर्वी कधीतरी कुणाच्या तरी गोळीने केलेली ही इजा होती. त्यामुळे तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारता येईना आणि ती माणसाकडे वळली. गोळी झाडणारा कोण होता, तो जखमी जनावराच्या मागे गेला की घरी परतला, याची नोंद कुठेच नाही.

कॉर्बेट यांनी पुढील काळात हे वारंवार मांडले. वाघ जात्या नरभक्षक नसतो. बेफिकिरीने झाडलेली आणि पाठपुरावा न केलेली गोळी, साळिंदराचे काटे किंवा म्हातारपण त्याला त्या वाटेला लावते. मुक्तेसरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदरामुळे गेला होता आणि तिच्या अंगात काटे रुतले होते. तिथे माणसाचा दोष नव्हता. चंपावतला मात्र होता. रायफलवरच्या दुर्बिणीचा विचार शिकाऱ्याच्या हौसेपुरता ठेवला तर तो क्षुल्लक आहे. परंतु अर्धवट लागलेल्या गोळीचे मोल कोण चुकवतो, हे विचारले की त्याला वजन येते. चंपावतला ते गवत कापणाऱ्या आणि लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायकांनी चुकवले.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची ०.२७५ रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी आणि तिच्यावर प्रसंगाची नोंद. माउझर धर्तीची, खटक्याने काडतूस भरणारी, वजनाला हलकी अशी ही रायफल त्यांची डोंगरातील सोबतीण झाली. जाड जनावरासाठी त्यांच्याजवळ जेफ्री कंपनीची ०.४५०/४०० दुनळीही होती. म्हणजे मोडक्या बंदुकीवर वाढलेला हा माणूस उत्तम हत्याराला नाके मुरडणारा नव्हता. परवडले तेव्हा त्यांनी चांगले तेच वापरले. फक्त त्यावर दुर्बीण चढवली नाही.

ती त्या काळी नव्हतीच, असे मात्र कुणी समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धात नेमबाजांनी रायफलवर लांबलचक दुर्बिणी बांधल्या होत्या. विसावे शतक उजाडताना व्हिएन्ना आणि जर्मनीतील कारखाने शिकाऱ्यांसाठी त्या विकू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मन शिकाऱ्यांच्या दुर्बिणी थेट खंदकांत पोचल्या. पण त्या काचा आजच्यासारख्या नव्हत्या. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. अशा आठ-दहा पृष्ठभागांतून जाता जाता तिसरा हिस्सा वाटेतच गळे. नेमक्या संधिप्रकाशात, जेव्हा वाघ बाहेर पडतो तेव्हा, ही दुर्बीण शिकाऱ्याला अधिकच अंधारात लोटी. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर परावर्तन रोखणारा पातळ लेप चढवण्याची रीत शोधली आणि चित्र पालटले. पावसाळी हवेत आतून धुके धरणे हा दुसरा रोग. नळीतील हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली आणि तोही आटोक्यात आला. तोवर कॉर्बेट यांची शेवटची शिकार होऊन गेली होती. त्यांच्या काळी त्यांनी दुर्बीण टाळली, यात तत्त्वापेक्षा व्यवहार अधिक असावा असे वाटते.

अंधाराशी त्यांचा झगडा किती विकोपाचा होता, हे रुद्रप्रयागला दिसले. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत एका बिबळ्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. १९२१ मध्ये दोन तरुण इंग्रज अधिकारी अलकनंदेवरील झुलत्या पुलाच्या दोन मनोऱ्यांवर दोन महिने बसले. अखेर एका रात्री बिबळ्या पुलावर आला. एकाने रायफल झाडली, दुसऱ्याने रिव्हॉल्व्हर रिकामे केले आणि बिबळ्या मागच्या पायाचे एक बोट गमावून निसटला. पुढची पाच वर्षे तो माणसे मारत राहिला.

कॉर्बेट यांनी तेथे सारे उपाय करून पाहिले. मोठा लोखंडी सापळा, दोरीला बांधून ठेवलेल्या बंदुका, विषही. शेवटी गुलाबराय येथे यात्रेकरूंच्या निवाऱ्याजवळील आंब्याच्या झाडावर त्यांनी बैठक ठोकली. खाली घंटा बांधलेली शेळी. दहा रात्री काही घडले नाही. अकराव्या, म्हणजे १ मे १९२६च्या रात्री, घंटा वाजली. काळ्या अंधारात माशी, खाच आणि लक्ष्य यांतील काहीच दिसत नव्हते. रायफलवर विजेची बत्ती होती. बटण दाबताच उजेडाची रेघ नेमकी बिबळ्याच्या खांद्यावर पडली, चाप ओढला गेला आणि लगोलग बत्ती विझली. जवळ दुसरे सेल नव्हते. उजाडल्यावर बिबळ्या जवळच्या खळग्यात मेलेला आढळला.

आजच्या वाचकाला विजेची बत्ती क्षुल्लक वाटेल. १९२६ मध्ये गढवालच्या डोंगरात ती दुर्मीळ चीज होती, आजच्या भारी दुर्बिणीसारखी. ज्या क्षणी त्यांचे कान, त्यांची पावले आणि त्यांचा संयम यांपैकी काहीच कामाचे उरले नाही, त्या क्षणासाठी त्यांनी एक यंत्र जवळ बाळगले. बाकी दहा रात्री त्यांनी झाडावर बसून काढल्या, त्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते.

आता ज्या प्रकरणाचा आरंभी उल्लेख केला, ते. कालाआगर परिसरातील चौगढची वाघीण आणि तिचे जवळजवळ पूर्ण वाढलेले पिल्लू, या जोडीने डिसेंबर १९२५ ते मार्च १९३० या काळात अधिकृत आकड्यानुसार ६४ माणसे मारली. १९२९ मध्ये कॉर्बेट यांना ही जोडी एकत्र दिसली. दोघांचा आकार सारखाच. एकाचा रंग किंचित फिका होता. वयाने रंग उतरतो, तेव्हा फिकी ती आई, असा त्यांनी तर्क केला, काळजीपूर्वक नेम धरला आणि गोळी झाडली. जनावर जागीच पडले. जवळ गेल्यावर कळले की मेले ते पिल्लू. आई निसटली होती. पुढच्या बारा महिन्यांत आपल्या या चुकीने मुलखाला पंधरा माणसे गमवावी लागली, असा हिशेब त्यांनी स्वतःच मांडून ठेवला आहे. लपवता आले असते, तरी लपवला नाही.

येथे नेम चुकला नव्हता. गोळी जिथे लागायची तिथेच लागली. चुकली ती ओळख. आणि ओळख हेच चांगल्या काचेचे खरे काम. दुर्बिणीची जाहिरात लांबच्या पल्ल्याची असते, हजार यार्डांच्या गप्पा असतात. प्रत्यक्षात जबाबदार शिकारी तीच दुर्बीण अधिक वेळा वापरतो ती समोर नर आहे की मादी, पिल्लू जवळ आहे का, जनावर जखमी आहे का, हे पाहण्यासाठी आणि पुष्कळदा न झाडण्याचा निर्णय घेण्यासाठी. रंगातील किंचित फरक, चेहऱ्यावरील म्हातारपण, झिजलेला बांधा हे उत्तम भिंगात वेगळे उठून दिसते. कॉर्बेट यांच्याजवळ तशी काच असती तर त्या दिवशी आई ओळखू आली असती का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. वाघिणीची मुख्य खूण, तिची झिजलेली नखे आणि तुटका सुळा, दुरून कदाचित काचेतूनही दिसली नसती. परंतु रंगाच्या एका छटेवर पंधरा जीव अवलंबून असताना ती छटा अधिक स्पष्ट दिसणे व्यर्थ गेले असते, असे म्हणवत नाही.

आणि याच वाघिणीने वर्षभराने वादाची दुसरी बाजूही पुरी केली. ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट एका घळीतून उतरत होते. वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली होती. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना छंद असल्याने ती त्यांनी डाव्या हातात घेतली होती. उजव्या हातात रिग्बी, छातीशी आडवी धरलेली. एका मोठ्या दगडाला वळसा घालून त्यांनी मागे पाहिले तर वाघीण आठ फुटांवर झेप घेण्याच्या पवित्र्यात. दोघांची नजरानजर झाली. झटक्यात हालचाल केली तर ती तुटून पडणार, हे उघड होते. मग त्यांनी रायफलची नळी एकाच हाताने, जवळजवळ न कळेल इतक्या संथपणे, तिच्या दिशेने फिरवत आणली. हात भरून येऊ लागला तरी वेग वाढवला नाही. नळी समोर आली आणि चाप ओढला. अंडी शाबूत राहिली. ती त्यांनी परत जाऊन घरट्यात ठेवली.

अशा वेळी महागडी दुर्बीण काय करते? अर्धा किलोहून अधिक वजन रायफलवर वाढवते आणि एका हाताने ती फिरवणे अवघड करते. आठ फुटांवर भिंगात दिसला तर केशरी-काळा धुरकट पट्टा दिसतो. कॉर्बेट यांच्या बहुतेक शिकारी अशाच अंतरावरच्या होत्या. दाट झाडी, घळी, ओढे. तिथे दृष्टीचा पल्ला पन्नास-साठ पावलांपलीकडे जात नाही. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरावर किंवा नामिबियाच्या माळावर अडीचशे यार्डांवरून नेम धरणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याने कॉर्बेट यांचे नाव घेऊन स्वस्त काच विकत घेणे म्हणजे पुण्यातल्या गल्लीत सायकल चालते म्हणून घाटात ट्रक नको म्हणण्यासारखे आहे.

तरीही पैशांचा मुद्दा उरतो. आज मध्यम किमतीच्या दुर्बिणीतही भिंगांवर अनेक थरांचा लेप असतो आणि नळीत नायट्रोजन असतो. स्माकुलांच्या शोधाने जो मोठा फरक पाडला, तो आता स्वस्तातही मिळतो. वरच्या हजार-दोन हजार डॉलरमध्ये मिळते ते उरलेले थोडे. कडेपर्यंत स्वच्छ चित्र, रंगांचे खरेपण, खुणा फिरवणाऱ्या चाकांचा बिनचूकपणा आणि सूर्य बुडाल्यानंतरची काही मिनिटे. त्यातही एक गंमत आहे. भिंगाचा व्यास भागिले मोठे करून दाखवण्याची पट, इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ५६ मिलिमीटरचे भिंग आणि आठपट म्हणजे सात मिलिमीटर. विशीतील बाहुली अंधारात तेवढी फाकते, पन्नाशीतील पाचाच्या आसपास येऊन थांबते. उरलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. अशी दुर्बीण घेण्याइतके पैसे माणसाजवळ साधारणपणे पन्नाशीतच येतात!

आपल्या ताडोब्यात जीपमधून लाखाची लेन्स रोखून बसलेले पर्यटक पाहिले की हाच हिशेब आठवतो. तिथे निदान चुकीची किंमत एका धूसर छायाचित्रापलीकडे जात नाही. आणि नेमबाजी हा ज्यांचा खेळ आहे, त्यांना तर ही चैन मुळातच नाही. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत मोठे करून दाखवणारी दुर्बीण लावण्याची मुभा नसते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले ते नुसत्या छिद्रातून पाहून. पण तिथे लक्ष्य कागदाचे असते. ते जखमी होऊन रानात शिरत नाही.

कॉर्बेट यांनी अंतराचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. जनावर मोठे करून पाहण्याऐवजी ते त्याला जवळ आणत किंवा स्वतः जवळ जात. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी ठाक गावच्या वाघिणीला त्यांनी नराच्या आवाजाची नक्कल करून साद घातली. वाघीण जोडीदाराच्या शोधात होती आणि साद देत देत डोंगर उतरून आली. सूर्य मावळलेला, उजेड काही मिनिटांपुरता. पाठीशी गावची माणसे, स्वतः एका खडकावर अवघडून टेकलेले. दोन गोळ्या झाडल्या. दुनळीच्या धक्क्याने ते खालच्या माणसांवर जाऊन आदळले. वाघीण मेली होती. तेव्हा त्यांना चौसष्टावे वर्ष चालू होते. ही त्यांची शेवटची नरभक्षक शिकार.

एव्हाना त्यांच्या हातात रायफलपेक्षा कॅमेरा अधिक दिसू लागला होता. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्या वाघांच्या छायाचित्रांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. वाघांचे चलच्चित्र घेण्यासाठी त्यांनी कालाढुंगीच्या रानात ओढ्यावर छोटे बांध घालून पाणी खळाळते केले, कारण कॅमेऱ्याची घरघर वाघाच्या कानावर जाऊ नये. काही महिने वाट पाहून त्यांनी एका ठिकाणी सात वाघ टिपले. येथे भिंगावर पैसा खर्च करायला त्यांची ना नव्हती. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली नॅशनल पार्कच्या उभारणीतही त्यांचा हात होता. तेच उद्यान त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला.

‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने आपल्या मुंबईतून प्रकाशित केले. तेथील व्यवस्थापक आर. ई. हॉकिन्स यांनी त्या हस्तलिखिताची पारख केली होती. पहिल्या आवृत्तीचे मानधन कॉर्बेट यांनी स्वतःसाठी ठेवले नाही. युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी चालणाऱ्या सेंट डन्स्टन्स या संस्थेला ते दिले. सारे आयुष्य नजरेवर काढलेल्या माणसाने पहिली मिळकत द्यावी ती नजर गेलेल्यांना. त्याच सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते तेव्हाच्या मध्य प्रांतातील छिंदवाड्याला सैनिकांना जंगलातील लढाईचे शिक्षण देत होते.

१९४७च्या अखेरीस कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी यांनी भारत सोडला आणि केनियातील न्येरी येथे बिऱ्हाड केले. दोघेही अविवाहित, आयुष्यभर एकमेकांच्या आधाराने राहिलेले. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे ओसाड गाव त्यांनी १९१५च्या सुमारास विकत घेऊन वसवले होते. तेथील जमिनी कुळांकडेच राहिल्या. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीत त्यांचे निधन झाले.

रिग्बी रायफल त्यांच्या मागे प्रकाशकांकडे गेली आणि अनेक वर्षे इंग्लंडमध्ये पडून होती. २०१५ मध्ये ती मूळ कंपनीने मिळवली आणि पुढच्या वर्षी भारतात आणली. छोटी हल्द्वानीच्या लोकांनी ती हातात घेऊन पाहिली. दस्त्यावर हेवेट यांनी बसवलेली चांदीची पट्टी आहे, आणि नळीच्या टोकाला तीच साधी माशी.